शिंकेची जागा

मोहिमेवर निघालेल्या माणसांसमोर शिंकू नये, एवढं आत्याने तिला लहानपणापासून बजावलं होतं. पण शिंक काय सांगून येते?

ती जुन्या हेडफोनांचं धुळकट खोकं छातीशी धरून अरुंद बोळातून चालली होती. समोरून भाडोत्री शिपायांची रांग जहाजाकडे निघालेली. वाट द्यायला ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि नेमकी तेव्हाच शिंक आली. चांगली दणदणीत.

रांग जागच्या जागी थांबली.

"झालं," सगळ्यात पुढे असलेला म्होरक्या म्हणाला. "एरवी माशी शिंकते, आज बाईच शिंकली. चला, दोन पावलं मागे. परत निघू."

सगळे कुरकुरत मागे सरकले. एकच जण हलला नाही. उंच, दाढी वाढलेला, हेल्मेट काखेत धरलेला. तो तिच्याकडे वळून बघत राहिला... कुणीतरी हाक मारल्यासारखा.

"काय हो," ती ओशाळून म्हणाली, "शिंक ऐकली नाही का कधी?"

"ऐकतो," तो म्हणाला. "मधूनमधून."

आणि हसला. फार दिवसांत हसला नसावा, कारण ते हसू कुठे ठेवायचं हे त्याच्या चेहऱ्याला आठवत नव्हतं. मग तो रांगेबरोबर निघून गेला, आणि ती खोकं धरून उगाचच तिथे उभी राहिली.

तळ म्हणजे एका मेलेल्या ग्रहाभोवती फिरणारी लोखंडी वसाहत. इथले शिपाई कुठल्याच देशाचे नव्हते. जो पैसे देईल त्याची लढाई. यंदा बर्फाच्या चंद्रांवरून दोन खाणमालकांचं वाकडं होतं, म्हणून तळावर गर्दी होती. पाऊस तळावर कधी पडत नसे. माणसांचे श्वासच थंड छताला लागायचे आणि थेंब होऊन परत माणसांवर पडायचे.

तिचं काम आवाजाचं. बाहेर, जिथे हवा नाही, तिथे एकट्या पडलेल्या शिपायाला शुद्धीवर ठेवायला हेल्मेटमध्ये एक आवाज बोलतो. डावी झडप बंद करा. सावकाश श्वास घ्या. मागे फिरा. वाक्यं कंपनीने ठरवलेली, पण आवाज घरचा. यंत्राचं बोलणं माणूस कानाआड करतो, आईचं करत नाही. म्हणून प्रत्येक शिपाई आपल्या आईला, बायकोला, बहिणीला घेऊन तिच्या खोलीत यायचा. जाड कापड ठोकलेली, दोन माणसं बसली तर गुडघ्याला गुडघा लागेल एवढी खोली. बायका बोलता बोलता रडायच्या. मग ती शांतपणे म्हणायची, "पुन्हा." एकेक वाक्य तीन-चारदा घेतल्याशिवाय बरोबर येत नसे. सगळे तिला आवाजवाली म्हणत.

ज्यांना कुणी नव्हतं असे शिपाई तिला म्हणायचे, "मग तुझाच दे की आवाज." ती कधीच देत नसे. खोलीत एक फळी होती. तिच्यावर गेलेल्या शिपायांचे आवाज ठेवलेले. बोलणाऱ्या बायका जिवंत, ऐकणारे कान नाहीत. आपला आवाज असा कुणाच्या तरी थंड कानात अडकून पडावा, हे तिला नको होतं.

"तो घुम्या आला बघ मोहिमेवरून परत," आठवड्याने आत्या म्हणाली. आत्या शेजारच्या खोलीत हवेच्या टाक्या भरायची. तिला पोर नव्हतं, भाचीच होती, आणि भाचीचं लग्न हा तिचा जोडधंदा होता. "उंच आहे. दारात वाकावं लागतं त्याला."

"म्हणून काय झालं?"

"काही नाही. वाकणारा पुरुष बरा असतो." मग आत्याने टाकीवर टिचकी मारली, ती ठणकन वाजली. "पण याचं काय खरं नाही गं. सगळ्यांच्या टाक्या अर्ध्या भरलेल्या येतात. याची दर वेळी कोरडी ठणठणीत. बाहेर काय करतो काय, बसून राहतो का?"

त्याच सुमारास नवी हेल्मेटं आली. जुन्या हेल्मेटांतले आवाज नव्यात घ्यायचे होते. सगळे देऊन गेले, घुम्या तेवढा आला नाही. शेवटी म्होरक्याच त्याला दंडाला धरून घेऊन आला.

"याचं आधी करा बाई. आणि याला बोलतं करून दाखवलंत तर माझ्यातर्फे चहा."

म्होरक्या गेला. घुम्या दारात वाकून आत आला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. गुडघ्याला गुडघा लागला. त्याने पाय आखडले.

"हे माझ्या मांडीवरच राहील," तो म्हणाला. "माझ्यासमोर करा."

"मी काय खाणार आहे का त्याला?"

"तसं नाही... आवाज बायकोचा आहे. ती नाही आता."

तिने मान हलवली. सॉरी वगैरे म्हणाली नाही. त्याला ते बरं वाटलं असावं, कारण पाय थोडे सैल झाले.

जुना आवाज झिजला होता. एका बैठकीत दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त काही निघेना. त्यामुळे तो रोज यायला लागला. ती खटके दाबायची, तो ऐकत बसायचा. छतातून थेंब पडायचा, तो हेल्मेटवर हात धरायचा.

"डोक्यावर पडला तुमच्या," ती म्हणायची.

"डोकं वाळतं."

तिसऱ्या दिवशी तो दोन कप चहा घेऊन आला. "म्होरक्याने दिलाय. मी बोललो म्हणून."

"तुम्ही कुठे बोललात?"

"आज सकाळी त्याला म्हणालो, चहा दे."

ती हसली. खोलीला जाड कापड होतं, बाहेर काही जात नसे. तरी पलीकडून आत्याने भिंतीवर टाकी आपटली, मुद्दाम.

"घाबरू नका," ती म्हणाली. "आत्या आहे. तिला वाटतं मला ऐकू येत नाही, आणि मला वाटतं तिला ऐकू येत नाही."

"मग खरं काय?"

"दोघींनाही येतं."

हळूहळू तो सांगायला लागला, अर्धं अर्धं. तो मोहिमेवर असताना ती तापाने गेली. परत आला तेव्हा त्यांची खोलीसुद्धा दुसऱ्या कुणाला दिली होती. "कपडे होते, ते देऊन टाकले. भांडी दिली. आवाज कुणाला देणार? तू सांग..." तो थांबला. "चुकलं. तुम्ही."

"राहू दे की," ती खटक्याकडे बघत म्हणाली. "तू चालेल."

मग ते वाक्य आलं. टाकीत हवा पाव उरली की वाजणारं. तिने खटका दाबला आणि एक साधा, थोडा घोगरा आवाज बोलू लागला:

"टाकीत पाव हवा उरली आहे. मागे फि—" आणि शिंक. मोठी शिंक. पाठोपाठ हसू. "अगं बाई! हे काढून टाका हं, ते हसतील मला." मग घसा साफ करून, "मागे फिरा."

आवाजवालीच्या आधी या कामावर असलेला माणूस कामचुकार होता, त्याने काढलं नव्हतं.

ती हसणार होती. पण शेजारी बघितलं आणि तिचा हात खटक्यावरच राहिला. तो डोळे मिटून बसला होता. बोळातली रांग तिला आठवली. आणि आत्याच्या हातातली कोरडी टाकी.

"तुम्ही मुद्दाम थांबता," ती म्हणाली. "टाकी पाव व्हायची वाट बघत. बाहेर."

त्याने डोळे उघडले.

"बाकीची इतकी वाक्यं आहेत तिच्या आवाजात."

"ती कंपनीची आहेत," तो म्हणाला. "एवढंच तिचं स्वतःचं आहे."

छतातून थेंब पडला. या वेळी त्याने हेल्मेटवर हात धरला नाही.

"पुढची मोहीम बर्फाच्या चंद्रावर आहे," ती म्हणाली. "तिथे जहाज लांब उभं राहतं. पाव हवेत माणूस जहाजापर्यंत पोचत नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग मी हे काढून टाकते."

"मग मी जुनंच हेल्मेट घालीन."

तो उठला, दाराशी वाकला, आणि वाकलेलाच थांबला. "रागावू नकोस. मी मरायला जात नाही. मी फक्त... ऐकायला जातो."

"दोन्हीची वाट एकच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज कापला. दुसऱ्या कुणाचा असता तर ती म्हणाली असती, पुन्हा.

तो गेला. दोन दिवस फिरकला नाही. ती हेल्मेट समोर ठेवून बसून राहिली. आत्याने जेवायला हाक मारली, ती गेली नाही. मग आत्याच आली आणि ताट पुढ्यात ठेवून बसली.

"तुझे काका गेल्यावर त्यांची चप्पल मी किती वर्षं दारात ठेवली होती, आठवतंय?" आत्या म्हणाली. "लोक म्हणायचे, टाक ती. टाकणं होत नाही गं. मग एक दिवस मी ती दारातून उचलून कपाटाच्या खणात ठेवली. येता-जाता पायात यायची, ती यायची थांबली."

ती आत्याकडे बघत राहिली. मग तिने हेडफोन कानाला लावले आणि दार बंद करून घेतलं.

निघायच्या दिवशी बोळात पुन्हा रांग लागली. तिने नवं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. म्होरक्याने लांबूनच हात जोडले, "बाई, आज नाक धरून उभ्या राहा."

"आहे?" घुम्याने हळूच विचारलं.

"आहे. एक अक्षर काढलं नाही. जागा बदलली."

"कुठे ठेवलीस?"

"सांगणार नाही. पाव हवा उरायची मात्र वाट बघू नका. तिथे ती नाही."

त्याचा चेहरा उतरला. एखाद्याच्या हातून भाकरी काढून घ्यावी तसं तिला वाटलं. तो हेल्मेट परत करील, जुनं मागेल, असं एक क्षण वाटलं. म्होरक्या ओरडला, "अरे ए, चल." त्याने हेल्मेट काखेत धरलं.

"माझ्यावर विश्वास ठेवा," ती म्हणाली. "ऐकायची असेल तर चालत यावं लागेल, एवढंच सांगते."

मोहीम लांबली. बातम्या येत होत्या त्या बऱ्या नव्हत्या. चंद्रावर दोन्हीकडचे भाडोत्रीच एकमेकांना मारत होते, आणि मालक आपापल्या घरी होते. तिने फळी पुसली. पुसताना लक्षात आलं की आपण रिकामी जागा करतोय, आणि फडकं तिथेच टाकून ती आत्याजवळ जाऊन बसली. आत्या काही बोलली नाही. आत्या गप्प बसली की समजायचं, तीही घाबरली आहे.

जहाज आलं तेव्हा दोघी काचेपाशी उभ्या होत्या. पलीकडे दोन दारांची कोठी. बाहेरचं दार लागतं, आत हवा भरते, मग आतलं दार उघडतं. माणसं एकेक करून येत होती. ओळखीचे चेहरे कमी होते. म्होरक्या दिसेना.

सगळ्यांत शेवटी एक उंच माणूस आत आला. बाहेरचं दार लागलं. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि हातात आणखी एक. तो खांदे पाडून, खाली मान घालून उभा होता. कोठीत हवा भरू लागली.

ती काचेला कपाळ टेकवून बघत होती. ते वाक्य तिला पाठ होतं. तिने ते कोठीतल्या हवेवर बांधलं होतं. दार लागून, हवा भरून, माणूस सुखरूप आत आल्याशिवाय ते वाजणारच नव्हतं. आता ती टाकीचं म्हणेल. आता "मागे फि". आता...

त्याने मान वर केली.

हेल्मेटच्या काचेमागे तो हसत होता, आणि डोळे वाहत होते, आणि पुसायला हात आत जात नव्हता. शिंक संपली, हसू संपलं, "ते हसतील मला" संपलं, तरी तो तसाच उभा राहिला. आतलं दार उघडलं. मग त्याने हेल्मेट काढलं.

"घरी ठेवलीस तिला," तो म्हणाला.

"तिथेच शोभते."

आत्याने त्याच्या पाठीवरची टाकी सोडवली, टिचकी मारली. आवाज जड आला. आत्या टाकी घेऊन गेली, पण जाताना भाचीच्या पाठीवर एक हलकीच थाप देऊन गेली.

"आणि तू अर्ध्यावरच ओरडलीस," तो म्हणाला. "मी दचकलो. 'टाकी अर्धी झाली, मागे फिरा, मी इथे उभी आहे.' कंपनीचं वाक्य पाव हवेवर असतं."

"पाव होईपर्यंत वाट बघायचा माझा स्वभाव नाही."

"तू तुझा आवाज कुणाला देत नाहीस म्हणतात."

"नाही देत," ती म्हणाली, आणि खाली बघितलं.

त्याच्या हातातल्या दुसऱ्या हेल्मेटमधून बारीक आवाज येत होता. म्होरक्याचं होतं ते. त्याची म्हातारी आई आत बोलत होती. सावकाश श्वास घ्या. सावकाश श्वास घ्या.

"बंद करायचं जमलं नाही," तो म्हणाला. "वाटभर ती बोलत होती."

तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. ते दोघे आवाजाच्या खोलीत जाऊन बसले, हेल्मेट मध्ये ठेवून. बंद करायचा खटका तिला माहीत होता. तिने दाबला नाही. म्हातारी दमत दमत बोलत राहिली, बॅटरी उतरत गेली, शब्द लांबले, आणि मग थांबली. छतातून एक थेंब पडला. दोघांनी एकाच वेळी हेल्मेटवर हात धरला, आणि तिचा हात त्याच्या हाताखाली आला. कुणीच काढला नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "डावीकडे वळा आहे, मागे फिरा आहे. पण माणसाला परत मोहिमेवर जायचंच नसेल... त्यासाठी काही वाक्य आहे का?"

"कंपनीने नाही केलं तसं."

"मग तू कर."

तिने त्याच्याकडे बघितलं. दाढी, थकवा, डोळ्यांखालचं वाळलेलं पाणी. फळीवर एक आवाज आज वाढणार होता, आणि त्याच खोलीत बसून हे म्हणायचं होतं.

"इथेच राहा," ती म्हणाली.

या खोलीत एकेक वाक्य तीन-चारदा म्हणावं लागायचं. हे पहिल्याच वेळी बरोबर आलं.