कोपऱ्यावर कोपरा

सुट्टीचे आठ दिवस मैदानावरच्या स्केटिंगच्या रॅम्पची वाट बघण्यात गेले, आणि रॅम्प तयार झाला तो असला! ताई, चष्मिश आणि चिमणी ही तिघं भावंडं मावशीच्या सुतारकामाच्या कारखान्यात स्केट्स हातात धरून नुसती उभी होती. चिमणी तर रडकुंडीला आली होती.

रॅम्पच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या आधी सपाट आणि पुढे चढत जाणाऱ्या हव्या होत्या. कापल्या गेल्या त्या सुरुवातीलाच भिंतीसारख्या उभ्या. मैदानाचे व्यवस्थापक मावशीला नाही नाही ते बोलले. मापं फोनवर त्यांनीच सांगितली होती, तरी चूक म्हणे कापणाऱ्याची! संध्याकाळपर्यंत फळ्या मिळाल्या नाहीत तर काम दुसऱ्याला, असं बजावून त्यांनी मापांचा मूळ कागद टेबलावर आपटला आणि ते बाहेर जाऊन बसले. मावशीचं हे पहिलंच मोठं काम. त्यात तसलं प्लायवूड आता एक इंचही शिल्लक नव्हतं.

चष्मिशने आलेखाच्या कागदावर दोन्ही वक्ररेषा काढल्या, हवी होती ती आणि कापली गेली ती. एक दुसरीचं प्रतिबिंब आहे, असं त्याला सारखं वाटत होतं. कागद उभा दुमडला, जमेना. आडवा दुमडला, तरी जमेना. ताईचं डोकं फिरलं. सुट्टीतसुद्धा गणित कसलं काढून बसतोस, असं म्हणत तिने कागद हिसकावला, रागारागाने कोपऱ्यावर समोरचा कोपरा ठेवून तिरका दुमडला आणि खिडकीच्या काचेवर दाबला. एका रेषेवर दुसरी बरोब्बर बसली होती.

घडीची रेष आडव्या एकावर उभा एक, आडव्या दोनावर उभे दोन, अशी तिरकी चढत गेली होती. म्हणजे आडवं आणि उभं माप यांची अदलाबदल झाली होती! दोन फुटांवर एक फूट उंची हवी होती, तिथे एका फुटावरच दोन फूट झाली होती. चार फुटांवर उंचीही चारच, त्यामुळे शेवटचं माप तपासताना कुणाला शंका आली नाही. व्यवस्थापक पूर्वी खिडक्या बनवायचे, म्हणून उंची आधी सांगायचे. मावशी लांबी आधी लिहायची.

"कळलं, पण उपयोग काय?" मावशी वैतागून म्हणाली. "नवीन लाकूड आणू कुठून?"

चिमणी मात्र कागद उघडत होती, मिटत होती. "मावशी, रेषेच्या वरचा भाग दुमडला की खाली येतो," ती म्हणाली. "फळ्या कापून उरलेले वरचे तुकडे कुठे टाकलेस?"

तुकडे भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले होते. तिघं जीव खाऊन पळाली आणि फाटकातच टेम्पो अडवला. उरलेले दोन्ही तुकडे कागदाच्या तिरक्या घडीसारखे उलटे केले, तर रॅम्पच्या फळ्या तयार!

व्यवस्थापकांनी कागद तीनदा दुमडून पाहिला. "माझंच चुकलं, बाई," ते मावशीला म्हणाले. "आणि पोरांनो, तुम्ही माझी लाज राखलीत."

मावशीने चिमणीच्या केसांतला भुसा झटकला. "पहिली तू घसरायचंस," ती म्हणाली.

चिमणी लगेच खाली बसून स्केट्सच्या नाड्या बांधू लागली.