बंड्याचे दहा दिवस

बंड्याची शेपटी चपलेखाली आली आणि बंड्याने जयदेवची पोटरी धरली. अशी आमची ओळख.

जयदेव अंबरनाथ पूर्वेचा. कात्रपला आमच्या चाळीत केबलची वायर ओढायला आलेला. शिडीवरून उलटा उतरला, खाली बघितलंच नाही.

"ए! बांधता येत नाही का याला?"

"बांधला की दिवसभर रडतो. आणि मागून कोणी आलं की चावतो. तुला डोळे नाहीत?"

"जात कुठली ही?"

"आई पामेरियन, बाप गल्लीतला. केस आईचे, डोकं बापाचं."

"आणि तोंड तुझं!"

असलं डोकं सटकलं माझं... पण रक्त दिसलं. नळाखाली साबण लावून पाय धुवून दिला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कुत्रा दहा दिवस जगला तर काही नको. मेला किंवा हरवला, तर पोटात चौदा इंजेक्शनं. म्हणून जयदेव रोज पाचला यायला लागला. बंड्या रोज त्याच्यावर भुंकायचा. तो सगळ्यांवर भुंकतो, फक्त आईवर आणि माझ्यावर नाही.

"आहे का जिवंत?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

आई सकाळीच उल्हासनगरला शेठाणीकडे स्वैपाकाला जायची, आठला यायची. बंड्या तिथलाच. मिक्स निघाला म्हणून शेठाणीला नको होता. नववीत बाईंशी भांडून मी शाळा सोडली, तेव्हापासून घरात मी, बंड्या आणि घड्याळ. आता मात्र चार वाजले की मी वेणी घालायला लागले.

सातव्या दिवशी जयदेव बंड्याच्या कानामागची गाठ सोडवत होता. तिथे रोज फणी नाही फिरवली की केसांचा गोळा होतो. मी बंड्याचं तोंड धरलेलं. जयदेवचं बोट माझ्या बोटाला लागलं... राहिलं.

"तू पण अशीच, मीनल. मागून कोणी आलं की चावतेस."

"मग समोरून ये ना—"

बोलून गेले. कान गरम झाले.

दहावा दिवस. आज तो बंड्याला बघणार आणि जाणार. उद्यापासून पाच म्हणजे नुसते पाच. मी बंड्याला हाड देऊन मागच्या गल्लीत ठमाबाईच्या खोलीत कोंडलं.

"बंड्या कुठाय?"

"सकाळपासून... दिसला नाही."

मला वाटलं, शोधायला उद्या परत येईल. बस, एवढंच. पण त्याचा चेहरा पांढरा पडला. वळला आणि निघाला.

मग माझी ट्यूब पेटली. चौदा!

बंड्याला उचलून पळाले. त्याला उचललेलं आवडत नाही, हात ओरबाडले त्याने. दवाखान्यात जयदेव बाकावर आडवा, शर्ट वर, सिस्टर सुई भरतायत.

"थांबा! जिवंत आहे! मीच लपवला!"

सगळी लाइन बघायला लागली.

"का?" जयदेवने विचारलं.

"उद्या तू आला नसतास... म्हणून."

कोणीतरी हसलं. जयदेव नाही हसला. शर्ट खोचला, गेला.

अकरावा दिवस. चारला वेणी घातली. पाच वाजले. साडेपाच. वेणी सोडली. बंड्या उंबऱ्यावर डोकं टेकून पडलेला, मी त्याच्या बाजूला. सहाला त्याचे कान उभे राहिले. जिन्यात चपला वाजत होत्या.

बंड्या उठला. भुंकला नाही. शेपटी हलवायला लागला.

"समोरून आलोय," बाहेरून आवाज आला. "चावणार नाहीस ना?"