दोन सहवैमानिक एका कॉकपिटमध्ये बसत नाहीत

“तुमची जन्मतारीख काय हो?”

विचारलं एकदाचं! विमानाला जोडलेल्या त्या लांबलचक बोगद्यात, ऐन सकाळच्या घाईत, हातात बॅग, गळ्यात ओळखपत्र – आणि कानशिलं अशी तापलेली की विचारू नका. मागे केबिन क्रूमधल्या तिच्या दोघी मैत्रिणी भिंतीकडे तोंड करून खुदूखुदू हसत होत्या. पैज त्यांचीच. “हिंमत असेल तर आज जिराफाला जन्मतारीख विचार, नाहीतर पुन्हा आमच्यापुढे त्याचा विषय काढायचा नाही!”

जिराफ म्हणजे तो. सहवैमानिक. कॉकपिटच्या दारातून बाहेर येताना दर वेळी मान वाकवणारा. आणि तिला सगळे म्हणायचे लवंगी. मूर्ती लहान, पण तिखटपणा विचारू नका. तीही सहवैमानिकच.

“जन्मतारीख?” तो गडबडला. “का? केक आणताय?”

“स्वप्नं बघू नका. यादीसाठी विचारतेय.”

यादीचं नाव निघताच त्याचं हसू जरा मावळलं. कंपनी इथला बेस, म्हणजे वैमानिकांचं ठाणं, बंद करणार होती. इथल्या प्रत्येक वैमानिकाला दुसऱ्या गावी जावं लागणार, आणि कोणी कुठे जायचं ते ज्येष्ठतेच्या यादीवर ठरणार – जो आधी नोकरीला लागला, तो आधी जागा निवडणार. हे दोघं लागले होते एकाच दिवशी, दोन वेगळ्या शहरांत. मग नियम असा, की वयाने मोठा तो पुढे.

त्याने तारीख सांगितली. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि टाळीच वाजवली. “म्हणजे मी मोठी! थोडीशीच, पण मोठी!”

“मग काय… ताई म्हणू?”

“म्हणून तर बघा. इथूनच खाली ढकलीन.”

तो हसला. असा हसला, की ती बॅगेची मूठ धरायची विसरली आणि बॅग उतारावरून आपली आपण निघाली घरंगळत…

खरं तर त्यांची ओळख म्हणजे एवढीच. कॉकपिटमध्ये एक कॅप्टन आणि एक सहवैमानिक. दोन सहवैमानिक कधीच एकत्र बसत नाहीत. तो विमान घेऊन यायचा, ती घेऊन जायची. मधे चार वाक्यं. “पुढे ढग आहेत बरं का, सांभाळून.” “तो दिवा मधेच लुकलुकतोय, इंजिनियरला सांगितलंय.” बास. लोक गुलाबाची फुलं देतात, यांनी एकमेकांना हवामान दिलं.

आणि ती खुर्ची! तो उठून जायचा तेव्हा खुर्ची पार मागे. ती बसायची आणि ओढत ओढत पुढे आणायची – कुरकुरत, पण आतून सुखावत. कारण ती खुर्ची अजून कोमट असायची. पण जन्मतारखेच्या त्या सकाळनंतर एक दिवस ती बसली, हात खाली नेला… आणि थबकली. खुर्ची पुढे होती. अगदी तिच्या मापाने. जाण्याआधी त्याने सरकवून ठेवली होती.

उड्डाणभर ती इतकी गप्प होती, की कॅप्टनने विचारलं, “काय गं, पोटात दुखतंय का?”

इकडे क्रू रूममध्ये नुसता धुरळा. “घराचं रंगकाम कालच संपलं माझं,” एक कॅप्टन कपाळाला हात लावून म्हणत होते, “आणि आता म्हणे बिऱ्हाड हलवा!” दुसरे तर जास्तच चिडलेले. जेटवर, म्हणजे आत्ताच्याच मोठ्या विमानावर, राहायचं तर त्यांना कॅप्टनची डावी खुर्ची सोडून पुन्हा उजवीकडे बसावं लागणार होतं. “या वयात सहवैमानिक! बायकोला सांगू कोणत्या तोंडाने?” छोट्या, पंख्यांच्या विमानांवर कॅप्टनच्या जागा धूळ खात पडल्या होत्या. पण त्या विमानांचा बेस म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेतरी लांब, वाऱ्याचा, आखूड धावपट्ट्यांचा. ज्येष्ठांनी नाकं मुरडली होती.

लवंगीचा नंबर येईपर्यंत जेटवर सहवैमानिकाची एकच जागा उरणार, हे आता स्पष्ट होतं. ती जागा म्हणजे मोठं शहर, आणि सुट्टी मिळाली की गाडीत बसून घरी.

“डोळे झाकून घे ती!” बाबा म्हणाले. त्यांनी उभी हयात शहर बस चालवली होती. “मिनी बसवरून मोठ्या बसवर यायला मी डेपोत किती वर्षं घासली, आईला विचार. मोठ्यावरून छोट्यावर कोणी जातं का?”

“आणि इथून जवळ,” आई उत्तरपत्रिका तपासता तपासता म्हणाली. “दिसत तरी राहशील.”

ती मान डोलवत राहिली. तिला ती जागा मिळणार, म्हणजे त्याला मिळणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

जागा निवडायला कंपनीचा फोन यायच्या आदल्या सकाळी धुकं उतरलं. असं दाट, की विमानाचं शेपूट दिसेना. तो नुकताच उतरला होता, ती निघू शकत नव्हती. पहिल्यांदाच त्यांना चार वाक्यांपेक्षा जास्त वेळ मिळाला होता. बोगद्याच्या काचेशी दोघं उभे. हातात कॉफीचे कागदी पेले.

“उद्या आधी तुम्हाला फोन,” तो म्हणाला, “मग मला.”

“जेटची एकच जागा आहे.”

“ती तुमची. घ्या.”

इतकं सरळ! निदान जरा अडखळायचं तरी…

“आणि तुम्ही?”

“जिथे टाकतील तिथे. तुमच्या नंबरवर माझा काय हक्क?”

“हक्क कोण विचारतंय? इच्छा विचारतेय – तुझी.”

‘तुझी’ निसटलं. परत घेता येईना. त्याने पेला खाली ठेवला.

“एकदाच… तुझ्या शेजारी बसून उडायचंय. दोघांनी एकच ढग एकदम बघायचा. नेहमी मी बघून आलेला असतो, आणि तू बघायला निघालेली असतेस. वैताग आलाय गं.”

“दोन सहवैमानिक–”

“माहीत आहे. म्हणून तर इच्छा म्हणालो. बेत नाही.”

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “आणि मी कॅप्टन झाले तर? छोट्या विमानाची? माझ्या हाताखाली काम करशील?”

“हाताखाली नाही. उजव्या हाताला बसेन.” तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. “पण नको. जेट सोडू नकोस. परत मिळायला वर्षं जातील. माझ्यासाठी तर मुळीच नको.”

तेवढ्यात धुकं विरलं. मेलं, नेमकं तेव्हाच!

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. “जेटची एक जागा आहे,” कंपनीतल्या बाई म्हणाल्या, “आणि छोट्या विमानावर कॅप्टनच्या बऱ्याच. तुमच्या उड्डाणाचे तास पुरेसे आहेत.”

तिने जेट सोडलं की ती जागा सरळ त्याच्या पुढ्यात जाणार. त्याने घेतली तर? कोण नाही घेणार? मग ती वाऱ्याच्या गावात एकटी… पण डावी खुर्ची तिलाही हवी होती. कधीपासून हवी होती.

“छोटं विमान,” ती म्हणाली. “कॅप्टन.”

“नक्की ना? मागाहून बदलत नाही हं.”

“नक्की.”

मग ती पलंगावर बसली आणि फोनकडे बघत राहिली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, ती दचकली. खालच्या मजल्यावरचा कुकर शिट्ट्या देऊन थांबला. फोन गप्प. घेतली त्याने. घेणारच. शहाणा आहे…

वाजला!

“तू जेट सोडलंस,” तो म्हणाला. “नको म्हटलं होतं ना तुला?”

“तू काय केलंस ते सांग आधी.”

“मी त्या बाईंना विचारलं, छोट्या विमानावर सहवैमानिकाच्या जागा किती? त्या म्हणाल्या, हव्या तितक्या, कोणी मागतच नाही.”

“मग?”

“मग मी मागितली.”

फोन काही कोणी ठेवेना…

बऱ्याच वेळाने ती डोळे पुसून बाहेर आली. आईपुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, बाबा गॅलरीत झाडांना पाणी घालत होते.

“आई, बाबा, जरा इकडे बसा. मी मोठं विमान सोडलं.”

बाबांच्या हातातली झारी तशीच राहिली. “सोडलं? अगं, आम्हाला विचारायचंस तरी!”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मला ‘नको’ ऐकायचं नव्हतं. मी छोट्या विमानावर जातेय. लांब आहे. पण कॅप्टन म्हणून जातेय, बाबा.”

बाबा हळूच खुर्चीत टेकले. “कॅप्टन…” ते पुटपुटले.

“एकटीच?” आईने लाल पेनाचं टोपण लावलं. आईच ती, नेमकं तेच विचारणार.

“नाही,” लवंगीने मोठा श्वास घेतला. “एक जण आहे बरोबर. मी त्याच्याशी लग्न करणार आहे. त्याला अजून माहीत नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय.”