टुकटुक्याची साक्ष

खरा आवाज कुठला आणि यंत्राने बनवलेला कुठला, हे कसं ओळखायचं? २०६१ साली भल्याभल्यांना हा प्रश्न सुटलेला नव्हता. अकरा वर्षांच्या शाल्मलीला तो दुपारी बारापर्यंत सोडवायचा होता.

धामणसडा गावामागच्या जांभ्याच्या पठारावर ड्रोनतळ होणार होता. तिथे पूर्वीपासून टुकटुक्या जातीचा बेडूक राहतो, तेव्हा तळ दुसरीकडे न्या, असं गावाचं म्हणणं. बेडकाने स्वतः अर्ज केलेला नसल्यामुळे तळाची जागा ठरवणाऱ्या समितीने पुरावा मागितला. शाल्मलीने त्याचा आवाज फोनवर टिपून पाठवला. उत्तर आलं, ‘असा आवाज आमचं कॉफीचं यंत्रही काढून देतं.’

उरली एक सीडी. शाल्मलीचे आबा, म्हणजे आजोबा, बेडूकशास्त्रज्ञ डॉ. दिनानाथ खडपे, यांनी २००९च्या पावसाळ्यात पठारावर बसून टुकटुक्याचे आवाज टिपले होते आणि घरीच या तबकडीवर उतरवले होते. समितीचा पंच म्हणून एक राखाडी यंत्रमानव सकाळी नऊलाच येऊन खुर्चीत बसला.

“तबकडी बावन्न वर्षांची आहे, हे मी तपासलं. तेव्हाच्या यंत्रांना असे आवाज बनवता येत नव्हते,” पंच म्हणाला. “तबकडी माझ्यासमोर वाचली गेली तर पुरावा मान्य. बारा वाजता मी निघेन.”

“चहा घेणार?” आबांनी विचारलं.

“मी पीत नाही. विचारल्याची नोंद घेतली आहे.”

आबांचा जुना संगणक सुरू झाला. तबकडी आत गेली, घरघरली आणि बाहेर आली. दुसऱ्यांदा घातली, पुन्हा बाहेर.

“हिला वाचतात तरी कसं?” शाल्मलीने विचारलं.

आबांनी तबकडी उजेडात तिरकी धरली. “हिच्या पोटात एक रेघ आहे, जिलबीसारखी आतून बाहेर फिरत जाणारी. उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब. त्या रेघेवर बारीक बारीक ठिपके आहेत. लिहिताना लेझरने (एकाच रंगाच्या प्रकाशाची अगदी बारीक शलाका) आतल्या रंगाच्या थरावर ते भाजले. वाचताना तोच लेझर मंद करून रेघेवरून फिरवायचा. मोकळ्या जागेवरून प्रकाश लख्ख परततो, ठिपक्यावरून कमी. जिथे प्रकाश बदलला तिथे एक, नाही बदलला तिथे शून्य. त्या एक-शून्यांतून संगणक आवाज पुन्हा जुळवतो.”

“आणि ठिपका पुसायचा असेल तर?”

“भाजलेली भाकरी पुन्हा पीठ होते का? या जातीच्या तबकडीवर एकदाच लिहिता येतं. म्हणून तर हे साहेब विश्वास ठेवतायत.”

“विश्वास नाही. नियम,” पंच म्हणाला.

“म्हणजे तबकडी ठीक असेल, तर वाचणाऱ्याचेच डोळे गेलेत!” शाल्मलीने तबकडीचा ट्रे पूर्ण बाहेर ओढला आणि आत विजेरी मारली. मग तिने मान वर केली. “आबा, दसऱ्याला तुम्ही संगणकाची पूजा करता ना? हळदकुंकू नेमकं कुठे वाहता?”

आबांनी चष्मा पुसायला घेतला. “तो ट्रे कसा, बटण दाबलं की ताटासारखा पुढे येतो…”

“भिंगावर (लेझर ज्यातून बाहेर पडतो ती वाटाण्याएवढी काच) अक्षता आहेत!”

“तीस वर्षांची भक्ती आहे ती,” आबा पुटपुटले.

पंचाने याचीही नोंद घेतली.

माळ्यावर शाळेने मोडीत काढलेला एक संगणक होता. त्याच्यातही तसाच सीडी ड्राइव्ह होता. त्याची पूजा कोणीच केलेली नव्हती, त्यामुळे तो चांगल्या अवस्थेत होता. तोच काढून आबांच्या संगणकात बसवायचं ठरलं. साडेदहा वाजले होते. आबांचे हात थरथरत, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर शाल्मलीकडे आला आणि सूचना आबांकडे राहिल्या.

“संगणक बंद केलास? आता वायरही भिंतीतून काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लाव. अंगावर स्थिर वीज (कपडे घासून साठते आणि कधी दाराच्या कडीला चटका देते ती) असते. आतल्या नाजूक भागांना तेवढीही पुरते.”

तिने दोन्ही बाजूंचे पत्रे काढले. ड्राइव्हच्या मागच्या दोन वायरी सोडवल्या, दोन्ही अंगांचे स्क्रू काढले आणि जुना ड्राइव्ह पुढच्या बाजूने ओढून घेतला. जमिनीवर पिवळी-लाल रांगोळी सांडली. शाळेच्या संगणकातून काढून आणलेला ड्राइव्ह त्याच खणात पुढूनच सरकवला, तोंड पेटीच्या बरोबरीला आल्यावर चारही स्क्रू आवळले.

“सगळे लाव हं. एक राहिला तरी तबकडी जोरात फिरताना ड्राइव्ह थरथरेल, आणि लेझरची रेघ चुकेल.”

अकरा चाळीस. संगणक सुरू झाला. ड्राइव्हचा दिवा लागलाच नाही. ट्रेही हलेना.

“वीस मिनिटं,” पंच म्हणाला.

“आम्हाला घड्याळ कळतं!” शाल्मली ओरडली आणि मग तिलाच वाईट वाटलं. घाईने वायरीला हात घालणार, तोच थांबली. आधी वीज बंद केली, वायर काढली, पत्र्याला हात लावला. मग मागे वाकून पाहिलं. अरुंद वायर, माहिती नेणारी, जागेवर होती. रुंद वायर, वीज आणणारी, लोंबकळत होती.

“बिचाऱ्याला आपण उपाशीच कामाला लावलं,” ती म्हणाली. वायरीच्या टोकाची एक कड काटकोनात वळवलेली होती, त्यामुळे ते एकाच तऱ्हेने बसत होतं. बसलं.

अकरा बावन्न. ट्रे बाहेर आला, तबकडी घेऊन आत गेला. घरघर. शांतता. पुन्हा घरघर. आणि मग, पावसाच्या सरीआडून, कोणीतरी दगडावर दगड हलकेच आपटावा तसं: टुक. टुकटुक. टुक. मध्येच पंचवीस वर्षांच्या आबांचा आवाज, “अरे, पायाखाली बघ, पायाखाली!”

आबा खिडकीबाहेर पाहत राहिले.

“मूळ माध्यम, अखंड वाचन. पुरावा मान्य,” पंच म्हणाला. “पठार राखीव ठेवण्याची शिफारस आत्ताच पाठवली आहे.” बारा वाजले. पंच उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. “तो आवाज पुन्हा लावता येईल का?”

“नोंद राहिली का काही?” आबांनी विचारलं.

“नाही. नोंदीसाठी नको आहे.”

शाल्मलीने पुन्हा लावला. तिघांनी उभ्याउभ्याच ऐकला.

“आबा, हा ड्राइव्ह लिहूही शकतो?”

“शकतो. कोऱ्या तबकड्या कपाटात आहेत, दोन.”

“मग यंदाच्या पावसातला टुकटुक्या मी लिहिणार,” शाल्मली म्हणाली. “पन्नास वर्षांनी आणखी कोणाला तरी तो खराच ऐकायचा असेल.”

“पठारावर मीही येऊ का?” पंचाने विचारलं.

“या की. पण पायाखाली बघून चालायचं हं.”

पंचाने खाली वाकून आपली दोन्ही पावलं नीट पाहून घेतली.