जुन्या कल्याणचं ताट

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर आष्टीत जाऊन पुंजारामच्या कल्याणचं नाव काढा. लोक आधी हसतील, मग गप होतील.

आणि काळ्याकुट्ट रात्रीची वाट बघू नका. मागच्या वैशाखातली भर दुपार होती. दोन वाजले होते.

कल्याण नशेच्या गोळ्या खायचा. चार वर्षं खाल्ल्या. शेवटी बापानं त्याला गोदाकाठच्या एका मठात नेऊन सोडलं. तिथले महाराज नशा सोडवतात. पहाटे काकडा, दिवसभर गोठ्यातलं शेण, संध्याकाळी हरिपाठ. नऊ महिने पोरानं हूं की चूं केलं नाही. सुटला.

त्या मठाची एक रीत आहे. सुटणाऱ्याचा शेवटच्या दिवशी दहावा घालतात. जिवंतपणी! डोकं भादरायचं, जुने कपडे जाळायचे, नदीकाठी पिंड ठेवायचा. नशेतला माणूस मेला, घरी जातो तो नवा.

कल्याणच्या पिंडाला कावळा शिवेना.

एक तास गेला... दोन गेले. न्यायला आलेला पुंजाराम पिंडाला हात जोडून म्हणाला, "शेत बराबर सांभाळू, बाबा." महाराजांनी विनवलं. कावळा आपला झाडावरच.

मग माय, उषाबाई, पुढं झाली. वाकून पिंडाशी काहीतरी पुटपुटली.

कावळा झपकन खाली आला.

सगळ्यांनी नामाचा गजर केला. ती काय बोलली, हे एकानंही विचारलं नाही. तिथंच माती खाल्ली.

घरी येऊन चार दिवस झाले. दुपारी सगळे आडवे झालेले. मागच्या दारी आवाज आला.

पट्... पट्...

गोळ्यांचं पाकीट अंगठ्यानं फोडतात, तो आवाज. कल्याण तो झोपेतही ओळखेल. तो ताडकन उठून मागं गेला. कोणीच नव्हतं. घरचं कुत्रं तेवढं शेपूट हलवत होतं...

रिकाम्या उंबऱ्याकडं बघून.

संध्याकाळी बापाला तिथंच रिकामं पाकीट सापडलं. त्यानं पोराच्या कानाखाली जाळ काढला.

"नऊ महिने पाण्यात घातलेस व्हय रे!"

"बापू, मायची आन! म्या न्हाई खाल्ली! तपासा मला!"

परतूरला जाऊन लघवी तपासली. रिपोर्ट साफ. तर बाप म्हणतो कसा, "रिपोर्ट बी खोटे भेटतेत आजकाल."

मग दर दोन-तीन दिवसांनी पाकीट. दर पाकिटाला मार. पारावरची माणसं त्याला बघून खिशावर हात ठेवायची. आता तुम्हीच सांगा, त्यानं गोळ्या खाल्ल्या असत्या तर निदान मार तरी हक्काचा झाला असता!

एके दिवशी बाप बाजारात गेल्ता. कल्याण पुढच्या खोलीत पडला होता, डोळे टक्क उघडे. मागून चप्पल घासत आली.

खर्र... खर्र...

गोळ्या खाऊन तो असाच चालायचा. डावा पाय ओढत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मायचा आवाज आला.

"आलास का, बाबा? बस."

कल्याणला वाटलं, आपल्यालाच म्हणतीय. तो दारात गेला.

पाट मांडलेला. ताट वाढलेलं. माय पदरानं वारा घालत होती... रिकाम्या पाटाला. ताटातली भाकर अर्धी झाली होती.

पट्...

"माय! कोणाला जेऊ घालून राह्यलीस?"

ती दचकलीसुद्धा नाही. "तुलाच की. आधीच्या तुला."

कल्याणच्या अंगावर सरसरून काटा आला. "त्या दिवशी पिंडाला काय म्हणलीस तू?"

"म्हणले, घरी येत जा. मी हाय तवर तुला उपाशी न्हाई ठेवणार." तिचे डोळे भरून आले. "सगळ्यांनी हाणलं, हाकललं त्याला. माझंच लेकरू व्हतं ना रे ते."

"आन् मी कोणाचा?" कल्याण किंचाळला. "त्याच्या वाटणीचा मार मी खाऊन राह्यलो! तुला सगळं माहीत व्हतं, आन् बापूला एक शब्द न्हाई बोललीस!"

माय परत पाटाला वारा घालायला लागली.

त्यानं ताट उचलून अंगणात भिरकावलं. त्याच दिवशी मंठ्याला जाऊन खोली केली, टायरच्या दुकानात कामाला लागला. मायचे फोन यायचे. त्यानं एकही उचलला नाही.

दिवाळीच्या आधी माय गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

तिच्या दहाव्याला कावळा शिवेना.

सगळे कल्याणकडं बघायला लागले. बाप रडत म्हणाला, "बोल रे काहीतरी. तिचा जीव अडकलाय."

काय बोलायचं, ते कल्याणला पक्कं माहीत होतं. 'मी त्याला जेऊ घालीन.' एवढंच.

त्यानं दातावर दात दाबले. नाही म्हणजे नाही. शेवटी ऊन डोक्यावर आलं, तसा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक घरी गेले.

मागच्या मंगळवारी दुपारी दोनला तो जेवायला खोलीवर आला. कुलूप जसंच्या तसं होतं. त्यानं दार उघडलं.

जमिनीवर त्याचं ताट मांडलेलं होतं. शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या.

ताटात एकच गोळी... पाकिटातून फोडून वाढलेली.

"मेलास ना रे तू, भाड्या! दहावा झाला तुझा!" त्यानं ताटाला लाथ घातली. ताट भिंतीवर आदळलं. गोळी घरंगळत कॉटखाली गेली.

दाराबाहेर... खर्र... खर्र... आणि मग कोणीतरी उंबऱ्यावर बसलं.

याला आज आठवडा झाला. कल्याण अजून साफ आहे, परवाचा रिपोर्ट खिशात घेऊन फिरतो, कोणी विचारलं की तोंडावर मारतो. पण खोलीत तो झाडू मारत नाही. कॉटखाली वाकून बघत नाही. ती गोळी हाताला लागली तर आपण काय करू, हे त्याला माहीत नाही.