कापूरकाकांचा अर्धा विनोद

हेमलताबाई घोरपडे चित्रशाळेच्या रचनाकक्षात शिरल्या, तेव्हा नौशाद मुजावर दोन पडद्यांसमोर डोकं धरून बसला होता.

"किती झाल्या तक्रारी?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून चारशे, ताई. बऱ्याच जणांचं म्हणणं एकच. कापूरकाका विनोद सुरू करतात आणि ऐन रंगात आल्यावर भाग संपतो."

हे त्याने सांगायची गरज नव्हती. आठ दिवस संध्याकाळी सात वाजता बाई आपल्या घरी हेच बघत होत्या.

कापूरकाका मूळचे त्यांचेच. डबीचं झाकण उघडं राहिलं की झिजत जाणारा आणि आपला हरवलेला भाग शोधत गावभर हिंडणारा कापराचा तुकडा त्यांनी बावीस वर्षांपूर्वी मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी लिहिला होता. घन पदार्थाची थेट वाफ होते, हे मुलं त्याच्या फजितीतून शिकली. काकांचा किरटा आवाजही बाईंचाच. तेव्हा एकच भाग सगळी मुलं बघत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्या नकला करत. दोन वर्षांपूर्वी 'स्वयंरचक' आला. हे यंत्र प्रत्येक घरासाठी वेगळा भाग जागच्या जागी रचत असे. बाईंच्या आवाजाचा नमुना त्याने घेऊन ठेवला होता, त्यामुळे त्यांना ध्वनिमुद्रणालाही कोणी बोलवेना. त्यांना सल्लागार असं पद मिळालं. सल्ला मात्र कोणी विचारत नव्हतं. आज नौशादने फोन केला, तेव्हा त्यांनी चहा अर्धा टाकून रिक्षा गाठली होती.

"बिघाड सापडला का?"

"तेच तर. बिघाडच नाही." नौशादने त्यांना खुर्ची ओढून दिली. "बसा. आपल्या प्रत्येक संचात हास्यमापी आहे, तो घरातलं हसू ऐकतो. स्वयंरचकाला आपण एकच काम नेमून दिलंय, हसू वाढव. विनोद फसला की तो बदलतो, जमला की त्याच वाटेनं पुढं जातो. बरोबर?"

"हे मला माहीत आहे."

"आता हे बघा. एक पोरगं एकटं बसून पूर्ण विनोद ऐकतं. हसतं किती? सरासरी चार सेकंद. गेल्या महिन्यात एका घरात शेजारचं पोरगं आलं होतं. दोघं मिळून सव्वा मिनिट हसली. विनोद तोच."

"माणूस एकटा असला की हसतोच कमी," बाई म्हणाल्या. "आम्ही नाटकाच्या तालमीत हे रोज बघायचो. रिकाम्या खुर्च्यांसमोर विनोद पडतो."

"तुम्हाला ते तालमीत कळलं, यंत्राला आकड्यांत कळलं. मग त्यानं विनोदाचे दोन तुकडे केले. प्रश्न एका घरी, उत्तर जवळच्या दुसऱ्या घरी. कार्यक्रम संपला तरी हास्यमापी तासभर चालू असतो. तो काय ऐकतो बघा."

नौशादने कळ दाबली. आधी शांतता. मग दार वाजलं, धावती पावलं आली आणि एक मुलगा धापा टाकत ओरडला, "अरे, बर्फ पाण्यावर का तरंगतो, तुझ्याकडं आलंय का? माझ्याकडं नुसतंच विचारलंय!" दुसऱ्याने काहीतरी उत्तर दिलं, ते नीट ऐकूही आलं नाही, कारण दोघं खो खो हसत सुटले होते.

बाई पुढे वाकून ऐकत राहिल्या. असं हसणं त्यांच्या कानावर किती दिवसांनी पडत होतं!

"एकट्याचं हसू वाढव, असं आपण त्याला कुठं सांगितलं होतं?" नौशाद म्हणाला. "नुसतं हसू म्हणालो. त्यानं ते शोधलं."

"संचालकांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणतात, चारशे आई-बाप चिडलेत, उद्या सकाळी बंद करा. आजच्या दिवसाची मुदत मिळालीय फक्त."

हे बंद का करू नये, याचं टिपण दोघांनी मिळून दुपारभर संचालकांसाठी तयार केलं. बाईंनी ते तीनदा वाचलं, दोन वाक्यं बदलली आणि सहा वाजता घरी परतल्या. टाकाळा भागातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. सात वाजता त्यांनी संच लावला.

आज काका एका तव्यावरच्या थेंबाशी भांडत होते. तवा इतका तापलेला, तरी थेंब उकळून जात का नाही? थेंब ऐटीत म्हणाला, "माझ्याच वाफेच्या गादीवर बसलोय, चटका बसेल कसा?" काका म्हणाले, "अरे, मग मला का नाही असली गादी मिळत? मी तर अख्खाच वाफ होऊन गादीत जातो!"

बाई हसल्या. मग थांबल्या. विनोद पूर्ण झाला होता.

त्यांनी नौशादला फोन लावला. "संचालकांनी आजच बंद केलं वाटतं?"

"नाही ताई. चालू आहे. का?"

"मला आज शेवट ऐकू आला."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज येत राहिला.

"सांग ना."

"ताई, अर्धा तुकडा देऊन तो आठ दिवस वाट बघतो. त्यानंतरही घरात काहीच ऐकू आलं नाही, तर तिथं पुन्हा पूर्ण विनोद देतो. शून्यापेक्षा चार सेकंद बरी, एवढाच त्याचा हिशोब."

"अशी घरं किती?"

"तीन हजार एकशे अठरा."

"मुलांचीच असतील."

"यंत्राला वय कळत नाही, ताई. पण हो. नोंदणीत बघितलं, तुम्ही सोडून सगळी मुलंच आहेत."

बाईंनी संच बंद केला. त्यांना आठ संध्याकाळी आठवल्या. रोज भाग मध्येच तुटायचा, रोज त्या यंत्राला नावं ठेवायच्या आणि उठून कुकर लावायच्या.

"नौशाद, माझ्या तुकड्याचा दुसरा भाग कुणाकडं जात होता?"

"नाव नाही सांगता येत." तो घुटमळला. "तुमच्याच इमारतीत. सातवा मजला, डावीकडचं दार."

"उद्या बंद करायचं तर करू देत. ही यादी आधी काढून ठेव. ती घरं आपल्याला शोधली पाहिजेत."

लिफ्टमध्ये त्यांच्या लक्षात आलं की इथं राहायला आल्यापासूनच्या तीन वर्षांत आपण चौथ्याच्या वरचं बटण कधी दाबलेलं नाही.

सातव्या मजल्यावर त्यांनी बेल वाजवली. लाकडी दार उघडलं. जाळीच्या दाराआड आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी होती.

"आई कामावर आहे. नऊला येते. जाळी उघडायची नाही असं सांगितलंय."

"नको उघडूस. मी खाली चौथ्या मजल्यावरची आजी. तू कापूरकाका बघतेस ना? गेले आठ दिवस तुझ्याकडं काय येत होतं?"

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नुसती उत्तरं. प्रश्नच नव्हते."

"प्रश्न माझ्याकडं होते."

"सगळे?"

"आठही."

मुलगी जाळीजवळ सरकली. मग तिने विचारलं, "मग तुम्ही आला का नाहीत?"

"मला वाटलं, यंत्र बिघडलंय."

"मला पण तसंच वाटलं," ती म्हणाली, आणि आतून एक स्टूल ओढत आणून जाळीला लावून बसली.