उशीवरचे हात

परीक्षेच्या दिवशी सर लवकर उठत, घोटून दाढी करत आणि पोटभर नाश्ता करत. माणसं नापास करायची तर अंगात ताकद हवी, असं ते स्वतःच म्हणत आणि स्वतःच हसत. त्वचारोग विभागात सगळे त्यांना मागून ‘कात्री’ म्हणायचे. हे त्यांच्या कानावर होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं. विद्यार्थ्याचे पाय लटपटायला लागले की सरांचा आवाज मऊ व्हायचा. तो मऊ झाला की समजायचं, आता या बिचाऱ्याचं काही खरं नाही.

परीक्षेची पद्धत साधी. पेशंट बसलेला असतो. विद्यार्थ्याने बघायचं, काय दिसतं ते सांगायचं आणि मग रोग ओळखायचा. सर प्रत्येकाला बजावत, ‘पुस्तक विसरा, जे दिसतं तेच बोला.’ पण जे दिसायचं ते सरांना दिसतं तेच दिसायला हवं, हे विद्यार्थी पहिल्या सहा महिन्यांत मुकाट्याने शिकून घेत.

त्या दिवशी नखांची केस होती. सर पोचले तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीत पेशंट आधीच येऊन बसला होता. मधल्या वयाचा माणूस, हॉस्पिटलचा धुतलेला सदरा गळ्यापर्यंत बंद, बाह्या मनगटापर्यंत. मांडीवर पांढऱ्या अभ्र्याची उशी आणि उशीवर दोन्ही हात पालथे. खिडकीतून चांगला उजेड येत होता. सरांनी भिंग घेतलं. नखं पिवळी, जाड, कडा भुसभुशीत. बुरशी! इतकी सोपी केस बघून त्यांचा विरसच झाला. एवढ्याशा केसवर नापास तरी कोणाला करायचं?

दुसरे परीक्षक बाहेरच्या कॉलेजातून आलेले, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी दारातूनच विचारलं, “तुम्ही बघितलीत ना? बुरशी म्हणताय? मग झालं.” आणि सरांनी लिहिलेल्या उत्तराखाली सही ठोकून ते शेजारच्या खोलीत तोंडी परीक्षा घ्यायला गेले. दोघांनी बघायचं असतं, एकजण बघतो. सगळीकडे असंच चालतं.

दाराशी घंटी वाजवून एकेका विद्यार्थ्याला आत सोडायचं काम सरांच्या लेकीकडे होतं. ती याच विभागात शिकत होती, तिची परीक्षा पुढच्या वर्षी. घरी ‘बाबा’ आणि इथे ‘सर’, यात तिची कधी गल्लत झाली नाही. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. तिला यायला उशीर झाला की सर गॅलरीत येरझाऱ्या घालत, आणि ती आली की ‘घड्याळ कळतं ना?’ एवढंच विचारून आत जात. तिच्यावर त्यांचा जीव होता. तो दिसू नये म्हणून वॉर्डात ते तिला इतरांपेक्षा जास्त बोलत. एकदा तर अख्खा राउंड तिला कोपऱ्यात उभं केलं होतं, चूक तिची नव्हती तरी.

पहिला विद्यार्थी कडक इस्त्रीचा कोट घालून आला. बराच वेळ वाकून बघत राहिला.

“नखांवर बारीक खड्डे आहेत, सर. टाचणीने टोचल्यासारखे. सोरायसिस.”

“खड्डे,” सर मऊ आवाजात म्हणाले. “रस्त्यावरचे इथे घेऊन आलात की काय? अहो, नखं पिवळी आहेत, जाड आहेत, भुसभुशीत आहेत! आंधळ्याला कळेल!”

मुलगा गोंधळला. पुन्हा वाकला, पुन्हा सरांकडे बघितलं. “पण सर, खड्डेच...” म्हणता म्हणता त्याने घाम पुसायला हात वर केला, आणि सरांना त्याची नखं दिसली. त्यांवर बारीक खड्डे होते. कोपरापाशी बाहीतून पांढऱ्या पापुद्र्याचा एक चट्टाही डोकावत होता. सरांना हसू आवरेना. घाबरून माणूस स्वतःचेच हात बघून उत्तर देतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

पेशंटने मान वर करून त्या मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, “बघितलंत ना नीट?” मुलगा बाहेर गेला.

दुसरी आली ती लहान मुलाची आई होती. एकदा नापास झालेली, नवऱ्याने यापुढे परीक्षेला बसू देणार नाही म्हणून सांगितलेलं. विभागात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे सरांनाही होतं. दोन-तीनदा खोकून तिने सुरुवात केली.

“बोटांची टोकं फुगीर आहेत, सर. नखं घड्याळाच्या काचेसारखी वर आलीत. क्लबिंग. मी आधी फुप्फुसं तपासायला सांगेन.”

सरांनी भिंग उचललं आणि स्वतः पुन्हा बघितलं. पिवळी, जाड, भुसभुशीत. फुगीर काहीच नव्हतं. मग त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं. तिने ते एकमेकांत घट्ट धरले होते.

“बाई, जरा एक करा,” सर म्हणाले. आवाज लोण्यासारखा झाला होता. “दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींना लावा. नखाला नख. हां. आता उजेडात धरा. निरोगी माणसाला मधून बारीकशी फट दिसते. तुम्हाला दिसते?”

तिने बोटं खिडकीकडे धरली. एक डोळा मिटून तिने बघितलं.

“नाही, सर.”

“मग झालं तर. पेशंटला बुरशी आहे, पिवळी, जाड, भुसभुशीत. तुमचं काय ते तुम्ही बघा. पुढचा!”

हे सांगताना त्यांना बरं वाटलं. दुष्टपणा म्हणायचा तर म्हणा, पण रोग अचूक पकडला की त्यांना नेहमीच बरं वाटायचं, मग तो कोणाचाही असो. ती दारातून जाताना पेशंटने तिलाही तेच विचारलं, “बघितलंत ना नीट?”

तिसरा आत आला तोच डोळ्यांखाली सूज घेऊन. बुटांच्या नाड्या सैल सोडलेल्या, पाय मावत नव्हते बहुतेक. सरांनी या वेळी पेशंटकडे बघितलंच नाही. विद्यार्थ्याच्या हातांकडे बघत राहिले. नखांचा मुळाकडचा अर्धा भाग पांढरा, टोकाकडचा तपकिरी. याची किडनी कामातून चालली होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

“बोला.”

“अर्धं नख पांढरं आहे, सर, आणि पुढचं अर्धं...”

“तपकिरी,” सर म्हणाले.

“हो, सर!” पोराचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, सुटलो.

“बुरशी आहे ती! पिवळी, जाड, भुसभुशीत! चालू लागा!” सर ओरडले, पण त्यांच्या ओरडण्यात नेहमीचा दम नव्हता.

खोलीत सर आणि पेशंट दोघेच उरले. नळ ठिबकत होता. सर विज्ञानाचे माणूस, भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणारे. एकजण चुकतो, दोघं चुकतात. पण चुकताना तिघंही आपापला रोग सांगून गेले, आणि त्यातल्या दोघांना तो ठाऊकही नव्हता. मग मला काय दिसलं?

आणि त्यांना त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा आठवला. त्या नखाला कित्येक वर्षं बुरशी होती. त्वचारोगाचा एवढा मोठा प्राध्यापक, पण स्वतःच्या अंगठ्याला औषध लावायचा आळस. बायकोलाही कधी मोजे काढून दाखवलं नव्हतं. पिवळं, जाड, भुसभुशीत.

सरांना मोठ्याने हसू फुटलं. म्हणजे एवढंच! बुरशीने कोणी मरत नाही.

“तुम्हाला इथे कोणी बसवलं?” त्यांनी पेशंटला विचारलं.

“बसायचं काम माझं,” तो म्हणाला. मग उशीवरचे हात जरासे पुढे सरकवून त्याने विचारलं, “अजून कोणाला दाखवायचंय का, साहेब?”

सरांनी मान वळवली. दाराच्या काचेतून लेकीची पाठ दिसत होती. कालपासून दमल्यासारखं वाटतंय म्हणत होती, आणि सर त्यावर ‘आमच्या वेळी दमायला वेळ नसायचा’ म्हणाले होते. तिला घरी पाठवून द्यावं आणि खोलीला कुलूप लावावं, असं त्यांच्या मनात आलं. पण बघितल्याशिवाय राहणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. काही असलं तर आजच कळेल, आजच उपचार सुरू करू.

“आत ये,” त्यांनी हाक मारली. “सराव म्हणून बघ. काय दिसतं ते सांग.”

ती आली, पेशंटसमोर वाकली. आणि सकाळपासून प्रत्येकाच्या तोंडाकडे रोखून बघणाऱ्या त्या माणसाने मान खाली घातली.

ती उशीकडे बघत राहिली. मग तिने हळूच सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. पुन्हा उशीकडे.

“बोल की!”

“पिवळी आहेत, सर. जाड. कडा भुसभुशीत. बुरशी.”

सरांचे खांदे सैल पडले. “शाबास,” ते म्हणाले. हा शब्द त्यांनी तिला आजवर कधी दिला नव्हता. ती कानापर्यंत लाल झाली.

मग सरांनी अगदी स्वस्थ चित्ताने तिघांनाही नापास केलं. दुसरे परीक्षक त्या बाईसाठी शब्द टाकायला लागले, तेव्हा सर म्हणाले, “पुढच्या वर्षी बसेल की. तोवर राहिली तर.” आणि हसले. दुसरे परीक्षक हसले नाहीत. कागदांवर सही करून ते निघून गेले.

संध्याकाळचं ऊन सरांच्या टेबलावर आलं होतं. लेक चहाचे दोन कप घेऊन आली आणि समोर बसली. ‘शाबास’ अजून तिच्या चेहऱ्यावर होती.

“तुझ्या पायाला बुरशी आहे का गं कुठे?” सरांनी आज खूप दिवसांनी मोकळेपणाने विचारलं.

“मला? छे! का?”

“मग तुला ती दिसली कशी?”

ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “बाबा, रागावणार नसाल तर सांगू?”

या खोलीत ती पहिल्यांदाच त्यांना बाबा म्हणाली होती.

“मला बुरशीबिरशी काही दिसली नाही हो. तुम्ही सकाळपासून एकेकाला ओरडून सांगत होतात ना, दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं. तेच म्हटलं.”

“मग दिसलं काय?”

“हातच नव्हते.”

सरांनी कप खाली ठेवला.

“म्हणजे बाह्या होत्या, मनगटापर्यंत व्यवस्थित. पुढे नुसती उशी. मला वाटलं, तुमचाच काहीतरी डाव. मागे नाही का तुम्ही शिपायाला पेशंट करून बसवलं होतं, आणि त्याला रोग सांगणाऱ्याची साल काढली होती? म्हटलं, हात नाहीत म्हणावं तर माझंही तेच व्हायचं. तुमचं उत्तर दिलं की तुम्ही खूश असता.” ती हसली. “होतातही.”

“हात दे,” सर म्हणाले.

“अहो, नाही माझ्या नखांना काही.”

“दे म्हणतो ना.”

तिने हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, उन्हात आणला. नखं सुरेख होती. गुलाबी, नितळ, मुळाशी पांढरी चंद्रकोर. सर एकेक बोट बघत गेले. एखादा खड्डा, एखादी रेघ, ज्याला नाव आहे आणि ज्यावर औषध आहे असं काहीतरी सापडावं म्हणून ते अक्षरशः देवाला विनवत होते. काही नव्हतं.

त्यांनी तिच्या अंगठ्याचं नख दाबलं. दाबलं की खालचं रक्त सरतं आणि नख पांढरं पडतं. सोडलं की लगेच पुन्हा गुलाबी होतं. नर्सिंगच्या नव्या मुलींनाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

त्यांनी सोडलं.

“पण शाबास म्हणालात हं तुम्ही,” ती सांगत होती. “आता परत घ्यायची नाही.”

नख पांढरंच राहिलं.

त्यांनी तर्जनी दाबली. मग मधलं बोट. मग उरलेली. तिला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली.

“झालं का बघून? अहो बाबा, सोडा ना आता!”

तिने हात ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी कप उचलला. एका हाताची नखं गुलाबी होती, दुसऱ्याची खडूसारखी पांढरी. घोट घेऊन तिने तोंड वेडंवाकडं केलं.

“शी! अगदीच गार झाला की हा,” ती म्हणाली.

कपातून अजून वाफ निघत होती.